मध्यरात्रीचे नागपूर

झीरो माइलचा स्तंभ पाहिला की नागपूर चारही महानगरांपासून सारख्याच अंतरावर असावे, असे वाटू लागते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून विमानतळांमधील अंतरे मोजली, तर वेगळेच दिसते. नागपूरहून मुंबई सुमारे ६८० किलोमीटर, दिल्ली ८५५, मद्रास ९१० आणि कलकत्ता ९८५. तरीही १९४९ साली या चारही शहरांची टपाल-विमाने रोज मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र येऊ लागली. ती का, हे आपण पाहू.

त्या काळी दिल्लीहून मद्रासला रेल्वेने पत्र पोहोचायला सुमारे दोन दिवस लागत. तत्कालीन दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांच्या पुढाकाराने जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. संध्याकाळी टाकलेले पत्र सकाळी दुसऱ्या महानगरात पोहोचावे, हा तिचा हेतू होता.

आता थोडे गणित करू. चार शहरांच्या सहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीत रात्री दोन्ही बाजूंनी थेट विमान पाठवायचे, तर बारा विमाने हवीत. त्याऐवजी प्रत्येक शहरातून एकच विमान नागपूरला आले, तिथे पिशव्यांची अदलाबदल झाली आणि विमाने आपापल्या गावी परतली, तर चार विमानांत काम भागते.

याची किंमत अंतरात मोजावी लागते. मुंबई–कलकत्ता आणि दिल्ली–मद्रास या मार्गांवर नागपूर जवळजवळ सरळ रेषेतच येते. तिथे वळसा नगण्य आहे. पण मुंबई–दिल्ली हे सुमारे ११४० किलोमीटरचे अंतर नागपूरमार्गे १५४० होते.

हा वळसा परवडला, कारण रात्र पुरेशी मोठी होती. डाकोटा विमानाचा वेग ताशी २७० किलोमीटर धरला, तर कलकत्त्याहून यायला सुमारे पावणेचार तास लागतात आणि मुंबईहून अडीच. रात्री एकला भेटायचे, तर कलकत्त्याने सव्वानऊला निघावे, मुंबईने साडेदहाला. म्हणजे अंतरे असमान असली तरी वेळा जुळवता येतात. नागपूरचे मध्यवर्तीपण नकाशाइतकेच घड्याळातही होते.

मात्र एक विमान उशिरा आले की उरलेली तिन्ही खोळंबणार, हा या रचनेचा अंगभूत दोष. आणि रात्रीच्या उड्डाणात धोकाही होताच. १२ डिसेंबर १९५३ रोजी नागपूरहून निघालेले या सेवेचे विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि तेरा जण मृत्युमुखी पडले. सकाळच्या पत्रामागे असे मोलही दडलेले होते.

ही सेवा १९७३ साली बंद झाली. योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकेतील मेम्फिस येथे फेडरल एक्स्प्रेस कंपनीने रात्री एका ठिकाणी पार्सले गोळा करून वाटण्याचा व्यवसाय सुरू केला. तत्त्व तेच, ते नागपूरने चोवीस वर्षे आधीच वापरले होते.

वर्गात हा प्रयोग जरूर करावा. पृथ्वीगोल, दोरा आणि ही चार शहरे मुलांना द्यावीत व विचारावे : शहरे चारऐवजी वीस झाली, तर थेट विमाने किती आणि केंद्रमार्गे किती? उत्तर आहे ३८० आणि २०. सर्वांत जवळचा रस्ता सर्वांत सोयीचा असतोच असे नाही, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.