‘नाक्तखेबोरेन’ : एका डच आडनावाची कुळकथा

नेदरलँड्समध्ये ‘नाक्तखेबोरेन’ असे एक दुर्मीळ आडनाव आहे. डच भाषेत ‘नाक्त’ म्हणजे नग्न आणि ‘खेबोरेन’ म्हणजे जन्मलेला. वस्त्रे लेवून जन्माला येणारा मनुष्य अद्याप कोणी पाहिलेला नाही. त्यामुळे हे वर्णन साऱ्या मानवजातीला लागू पडते. मग एकाच कुळाने ते आडनाव म्हणून का धारण करावे? या प्रश्नाचे एक उत्तर फार लोकप्रिय आहे आणि ते चुकीचे आहे. दुसरे उत्तर फारसे कोणाला ठाऊक नाही, पण आमच्या मते तेच ग्राह्य आहे. या दोन्ही उत्तरांची छाननी येथे करावयाची आहे.

लोकप्रिय उत्तर नेपोलियनपाशी जाऊन पोहोचते. हॉलंडच्या गादीवर त्याने 1806 मध्ये आपला भाऊ लुई यास बसविले आणि 1810 मध्ये त्यालाही दूर सारून तो देश थेट फ्रेंच साम्राज्यात विलीन केला. पुढे 18 ऑगस्ट 1811 च्या फर्मानाने अशी आज्ञा झाली की, ज्यांना कायम आडनाव नाही त्यांनी ते धारण करावे आणि त्याची सरकारदप्तरी नोंद करावी. कथा अशी सांगतात की, फ्रेंचांचा अंमल चार दिवसांचा आहे असे समजून डच लोकांनी त्यांची थट्टा आरंभिली. तोंडाला येईल ते विचित्र आडनाव त्यांनी कारकुनाला सांगितले, भाषा न जाणणाऱ्या अधिकाऱ्याने ते निमूटपणे लिहून घेतले, आणि फ्रेंच गेले तरी आडनावे मात्र वंशजांच्या गळ्यात पडली. या कथेचा ठेवणीतला पुरावा म्हणून ‘नाक्तखेबोरेन’ पुढे केले जाते.

कथा मोठी गोड आहे. परकीय सत्तेला एका शब्दाने फसविल्याचे समाधान तीत आहे, आणि पराभूतांना असे समाधान नेहमीच हवेसे वाटते. परंतु पुराव्यापुढे ती टिकत नाही. हॉलंड प्रांतातील बहुसंख्य घराण्यांना 1811 च्या पुष्कळ आधीपासून आडनावे होती. कोणाचे आडनाव पित्यावरून, जसे यानसेन म्हणजे यानचा पुत्र. कोणाचे व्यवसायावरून, जसे बाकर म्हणजे पाव भाजणारा आणि विसर म्हणजे कोळी. तर कोणाचे राहत्या ठिकाणावरून, जसे फान डेन बर्ख म्हणजे डोंगराकडचा. केवळ पित्याच्या नावावर भागविण्याची चाल मुख्यत्वे फ्रीसलंडसारख्या उत्तरेकडील व पूर्वेकडील प्रांतांच्या ग्रामीण भागात उरली होती. नव्या फर्मानाचा भार पडला तो प्रामुख्याने तेथेच. तेथेही पुष्कळांनी दिरंगाई केली, म्हणून 1813 मध्ये मुदत वाढवावी लागली. आणि फ्रेंच निघून गेल्यावर खुद्द डच राजा पहिला विल्यम याला 1825 मध्ये तीच आज्ञा पुन्हा काढावी लागली. फर्मान केवळ परक्यांच्या लहरीचे असते, तर स्वकीय राजाने ते पुन्हा काढले नसते.

आडनाव स्वीकारण्याची ती नोंदपुस्तके आजही जतन केलेली आहेत. कुटुंबप्रमुख येऊन आपले आडनाव सांगे आणि सोबत आपल्या मुलांची व नातवंडांची नावे नोंदवी. जे नाव नातवाच्याही माथी बसणार, ते थट्टेत सांगण्याइतका मनुष्य सहसा बेफिकीर नसतो. शिवाय नोंद घेणारे गावचे नगराध्यक्ष व कारकून बहुधा डचच होते; त्यांना आपली भाषा कळत नव्हती, असे कोण म्हणेल? आणि सर्वांत निर्णायक मुद्दा हा की, ‘नाक्तखेबोरेन’ हे आडनाव 1811 पूर्वीच्या कागदपत्रांतच आढळते. जे आधीपासून होते ते नेपोलियनची खोडी काढण्यासाठी जन्मले, हे म्हणणे कोणत्याही न्यायासनापुढे एक दिवसही टिकणार नाही.

मग ते आले कोठून? नावांच्या अभ्यासकांना पटलेली व्युत्पत्ती आपल्याला सीमेपलीकडे, जर्मन भाषेत नेते. जर्मनमध्ये ‘नाखगेबोरेन’ असा शब्द आहे. ‘नाख’ म्हणजे नंतर. ‘नाखगेबोरेन’ म्हणजे नंतर जन्मलेला, विशेषतः पित्याच्या मृत्यूनंतर जन्मलेला. सतराव्या व अठराव्या शतकांत जर्मन मुलुखातून असंख्य माणसे पोटासाठी हॉलंडमध्ये येत. कोणी हंगामात गवत कापायला, कोणी फौजेत, तर कोणी डच ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांवर. जिची वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती, तीच ही कंपनी. अशा कोणा स्थलांतरिताचे नाव डच कानांवर पडले. डच भाषेत ‘नंतर’ला केवळ ‘ना’ म्हणतात. ‘नाख’ हा उच्चार त्या कानांना अपरिचित. जवळचा परिचित शब्द होता ‘नाक्त’. ऐकणाऱ्याने अपरिचित ध्वनीच्या जागी ओळखीचा शब्द बसविला, लिहिणाऱ्याने तो लिहिला, आणि ‘नंतर जन्मलेला’ हा ‘नग्न जन्मलेला’ झाला. भाषाशास्त्रात या क्रियेला लोकव्युत्पत्ती म्हणतात.

मूळ अर्थ ध्यानी आला की आडनावावरचे हसू आपोआप मावळते. बाप गेल्यावर जगात आलेल्या पोराची ती ओळख होती. जुन्या काळी अशा मुलाला वेगळे नाव देण्यामागे केवळ करुणा नव्हती, व्यवहारही होता: हे मूल कोणाचे आणि वारसा कोणाचा, हे गावाच्या स्मरणात राहावे. रोमन विधिज्ञांनी गर्भस्थ वारसाच्या हक्काचा विचार फार पूर्वी केला होता. आजची डच दिवाणी संहिताही सांगते की, जेथे गर्भस्थ बालकाचे हित गुंतलेले असेल तेथे ते जन्मलेलेच समजावे. आपल्याकडील 1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचे कलम 20 हेच तत्त्व मान्य करते: मृत्यूसमयी गर्भात असलेले व पुढे जिवंत जन्मलेले अपत्य, जणू आधीच जन्मले होते अशा रीतीने वारस ठरते. कायद्याने ज्याला कलमात जपले, त्याला त्या आडनावाने एका शब्दात जपले होते.

लोकसंख्येच्या हिशेबात हे आडनाव नगण्य आहे. 2007 च्या गणनेनुसार नेदरलँड्समधील सर्वाधिक प्रचलित आडनाव डे योंग हे होते. ते 83 हजारांहून अधिक लोकांचे होते. नाक्तखेबोरेन त्याच्या पासंगालाही पुरत नाही. तरी विचित्र आडनावांचा विषय निघाला की ते पहिल्या झटक्यात आठवते. डच कायद्यात हास्यास्पद वा अशोभनीय आडनाव बदलून घेण्याची सोय आहे. असे असूनही ही मंडळी नाव टिकवून आहेत. कोर्नेलिस नाक्तखेबोरेन हे डच प्राणिशास्त्रज्ञ तर प्रसूतीच्या तुलनात्मक अभ्यासासाठीच ओळखले जातात. स्लायपर यांच्यासमवेत लिहिलेला त्यांचा जन्मप्रक्रियेवरील जर्मन ग्रंथ 1970 मध्ये प्रसिद्ध झाला. ‘जन्मलेला’ हे नाव धारण करणाऱ्याने जन्माचेच शास्त्र अभ्यासावे आणि ग्रंथ लिहावा तो नावाच्या मूळ भाषेत, हा योगायोग कोणा कल्पक कथाकारालाही सुचला नसता.

सीमेवर राहणाऱ्या आम्हां मराठी भाषकांना ही कुळकथा परकी वाटू नये. गोव्यातील पोर्तुगीज दप्तरांत शेणवी ‘सिनाय’ झाले आणि कामत ‘कामोतिं’ झाले. आमच्या वकिलीच्या व्यवसायात, एका भाषेत उच्चारलेले व दुसऱ्या लिपीत उतरलेले आडनाव घेऊन पक्षकार येतात; सातबाऱ्यावरील आजोबा आणि शाळेच्या दाखल्यावरील नातू एकाच घरचे आहेत, हे शपथपत्रावर सिद्ध करावे लागते. कारकुनाच्या लेखणीत दुष्टावा असतोच असे नाही. बहुधा त्याच्या कानाला आपली भाषा ठाऊक नसते, इतकेच. पण परिणाम भोगतो तो नाव धारण करणारा.

म्हणून आमचे वाचकांना एवढेच सांगणे आहे. एखाद्या नावाचा अर्थ विचारायचा, तर ते ज्या भाषेत जन्मले त्या भाषेलाच विचारावा. ज्या भाषेने ते चुकीचे ऐकले तिला नव्हे. आपापल्या घरातील जुने दस्त, खरेदीखते, दाखले, कुलवृत्तान्त काढून आपले आडनाव कोठे, केव्हा व कसे लिहिले गेले ते एकदा पडताळून पाहावे. दोनशे वर्षे एका पोरक्या मुलाची ओळख विनोद म्हणून खपत राहिली, याचे कारण इतकेच की लोकांना कथा पाठ होती आणि कागद कोणी उघडला नव्हता.