कोरी पाटी आणि जुनीं अक्षरें

पाटी पुसून पुनः कोरी करावी ही इच्छा मनुष्यजातीस फार जुनी आहे. नवा राजा आला कीं नवा शक सुरू होतो, नवा अंमलदार आला कीं जुन्या अंमलदाराचे शिरस्ते मोडीत निघतात, आणि दिवाळी आली कीं गृहिणी माळ्यावरचें अडगळीचें सामान खालीं उतरविते. संगणकाच्या युगांत हीच इच्छा एका लहानशा कृतीनें दोन तासांत पुरी होते. यंत्रांतील जुनी ऑपरेटिंग सिस्टिम समूळ पुसून तीच किंवा दुसरी पुनः बसविणें, ती ही कृति. आमच्याकडे तिला "फॉरमॅट मारणें" किंवा "विंडोज मारणें" म्हणतात. हा प्रयोग ग्रांथिक नव्हे हें खरें. परंतु त्यांतील क्रियापद किती समर्पक आहे हें आम्हांस एकदां चांगलेंच कळून आलें. त्या अनुभवाच्या निमित्तानें या कृतीचा इतिहास थोडक्यांत सांगावा, आणि ज्या जिल्ह्यांत आमचें आयुष्य गेलें त्या धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासाशीं तो ताडून पाहावा, असा आमचा हेतु आहे.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, हें कचेरीच्या दृष्टान्तानें सहज समजेल. कोणतें काम आधीं घ्यावयाचें, कोणता कागद कोणत्या कपाटांत ठेवावयाचा, कोणास आंत सोडावयाचें, हें ज्याप्रमाणें शिरस्तेदार ठरवितो, त्याप्रमाणें यंत्राच्या आंत ही आज्ञावली ठरवीत असते. आरंभींच्या संगणकांस असा शिरस्तेदार नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं टिफ्रॅक नांवाचा संगणक उभा राहिला. त्या पिढीच्या यंत्रांवर एका वेळीं एकानें एकच काम चालवावें आणि तें संपलें कीं दुसऱ्यानें यावें, अशीच वहिवाट असे. मधला वेळ फुकट जाई, आणि यंत्राचा वेळ तर सोन्याच्या भावाचा. म्हणून अमेरिकेंत १९५६ सालींच जनरल मोटर्स व नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन यांच्या मंडळींनीं आय. बी. एम. ७०४ या यंत्राकरितां एकामागून एक कामें आपोआप घेणारी आज्ञावली रचली होती. १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत युनिक्सचा जन्म झाला, आणि पुढील बहुतेक पद्धतींवर त्याची छाया पडली.

आमच्या विषयास खरा आरंभ होतो तो घरगुती संगणकापासून. १९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीचा वैयक्तिक संगणक निघाला, तेव्हां त्याची सिस्टिम फ्लॉपी नांवाच्या पातळ तबकडीवर असे. तबकडी घालावी, यंत्र सुरू करावें, काम झाल्यावर आपला मजकूर दुसऱ्या तबकडीवर उतरवून घ्यावा. यंत्र बंद केलें कीं त्यास कांहींहि आठवत नसे. रोज सकाळीं तें नव्यानें जन्मास येई! १९८३ सालच्या पुढच्या यंत्रांत १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली, आणि शिरस्तेदार व मालक यांचें सामान एकाच घरांत राहूं लागलें. ही सोय मोठी खरी, परंतु पुढील सर्व अनर्थाचें मूळहि तेथेंच आहे. शिरस्तेदार बिघडला म्हणून घर धुवून काढावयाचें, तर मालकाच्या पेटाऱ्याचें काय करावयाचें, हा प्रश्न त्यापूर्वीं उद्भवतच नव्हता.

शिरस्तेदार बिघडतो, यांत शंका नाहीं. नाना प्रकारच्या आज्ञावल्या बसविल्या आणि काढल्या जातात, त्यांचे अवशेष मागें राहतात, पेनड्राइव्हबरोबर व्हायरस शिरतात, आणि यंत्र इतकें मंद होतें कीं तें सुरू होईपर्यंत चहा पिऊन व्हावा. अशा वेळीं एकेक दोष शोधीत बसण्यापेक्षां सर्व पुसून नव्यानें मांडणें शहाणपणाचें असतें. आमच्याकडील कारागिरांनीं त्यास एक तोडहि काढून ठेवली आहे. ते एकाच डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग पाडतात. सी भागांत सिस्टिम, डी भागांत मालकाचा मजकूर. फॉरमॅट मारावयाचा तो सी भागास; डी सुरक्षित. शिवाय झटपट फॉरमॅट म्हणजे तरी काय? त्यानें पुस्तक जळत नाहीं, केवळ अनुक्रमणिका फाडली जाते. पानें आपल्या जागीं असतात. परंतु त्यांवर नवें पुस्तक छापलें गेलें म्हणजे जुन्याची आशा सोडावी.

सन २००७ च्या उन्हाळ्यांत आमच्या घरच्या यंत्रावर हा प्रयोग झाला. त्यापूर्वीं तीन वर्षें आम्ही सुटीच्या दिवशीं तुळजापूर, परंडा, कळंब या बाजूस हिंडून, हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे दिवस ज्यांनीं प्रत्यक्ष पाहिले अशा वृद्ध स्त्रीपुरुषांच्या आठवणी लिहून घेत होतों. वह्यांतील टिपणें संक्षिप्त असत. घरीं येऊन आठवण ताजी असतांच तीं विस्तारानें टंकित करावयाचीं, असा आमचा क्रम होता. कारागीर तरुण मोठा सज्जन होता. "सर, डीमध्यें आहे ना सगळें?" असें त्यानें विचारलें, आणि आम्हीं "होय" म्हटलें. इतिहासाच्या अध्यापकानें साक्षीपुरावा न तपासतां दिलेलें हें उत्तर! जुनीं प्रकरणें डीमध्यें होतीं हें खरें. परंतु शेवटच्या वर्षाचीं सारीं टिपणें रोज हाताशीं असावींत म्हणून आम्हीं समोरच्या पडद्यावर, म्हणजे डेस्कटॉपवर, ठेविलीं होतीं. आणि डेस्कटॉप हा सीचाच भाग असतो हें आम्हांस ठाऊक नव्हतें. दोष कारागिराचा नव्हता, आमचाच होता. त्या अकरा मुलाखतींपैकीं नऊ वृद्ध पुढील चार वर्षांत निवर्तले. वह्यांतील त्रोटक ओळी उरल्या. त्यांचे शब्द गेले.

यानंतर डी भाग उघडला, तों दुसरें आश्चर्य समोर आलें. प्रकरणें जागच्या जागीं होतीं, पण त्यांत मराठीचें एक अक्षर नव्हतें. इंग्रजी लिपींतील व्यंजनें, कंस, टक्क्यांचीं चिन्हें यांची निरर्थक खिचडी पानेंच्या पानें भरून होती. याचें कारण त्या काळच्या मराठी टंकनाच्या रीतींत आहे. तेव्हांच्या फॉन्टमध्यें इंग्रजी अक्षरांच्याच घरांत देवनागरी आकार बसविलेले असत. यंत्राच्या दृष्टीनें आपण इंग्रजीच लिहीत असूं, केवळ मुखवटा मराठी. ते फॉन्ट सिस्टिमबरोबर सीमध्यें राहत. सी पुसला गेला आणि मुखवटा गळून पडला. प्रत्येक कंपनीचीं घरें निराळीं असल्यामुळें एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टनें वाचतांहि येत नसे.

यावर उपाय नव्हता असें नाहीं. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें आरंभ झालेलें व पुढें पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें वाढविलेलें जिस्ट तंत्र, भारतीय लिप्यांकरितां १९९१ सालीं मानक म्हणून ठरलेला इस्की संकेत, आणि त्याच वर्षीं अवतरलेला जागतिक युनिकोड, हे त्या दिशेचे टप्पे होत. युनिकोडमध्यें 'क' या अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे. तो फॉन्टवर किंवा कंपनीवर अवलंबून नाहीं. विंडोज २००० पासून "मंगल" हा युनिकोड फॉन्ट सिस्टिमबरोबरच येऊं लागला. त्याचे रचनाकार सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी हे मराठी होते, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु संवय बलवत्तर. साधन दाराशीं आलें असूनहि आमच्यासारखे सुशिक्षित कित्येक वर्षें जुन्याच मुखवट्यानें लिहीत राहिले. एका स्नेह्याच्या जुन्या सीडींत आमचा फॉन्ट सांपडला, मग परिवर्तकाच्या साह्यानें डीमधील प्रकरणें युनिकोडमध्यें आणलीं, जोडाक्षरें हातानें सुधारलीं. तीं तेवढीं वांचलीं.

आमचा जिल्हाहि अशा फेरबदलांतून अनेकदां गेला आहे. १८५३ च्या तहानें वऱ्हाडाबरोबर हा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखालीं गेला, आणि १८६० सालीं परत आला. जिल्ह्याचें ठाणें प्रथम नळदुर्गास होतें, तें धाराशिवास आलें. पुढें शेवटच्या निजामाच्या नांवावरून शहरास उस्मानाबाद हें नांव पडलें. राज्याच्या दप्तराची भाषा आधीं फारसी, मग उर्दू. गांवच्या कुळकर्ण्याची लेखणी मात्र मोडींत चालत असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी संपली, १९५६ सालीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला, आणि २०२३ सालीं जिल्ह्यास धाराशिव हें जुनें नांव अधिकृतपणें परत मिळालें. सिस्टिम इतक्या वेळां बदलली, पण शेत, बांध आणि त्यांवर राबणारें कूळ तेंच राहिलें. लोकांच्या भाषेंत राज्यकारभार आला हें न्याय्यच झालें. त्याबद्दल कोणीहि हळहळण्याचें कारण नाहीं. परंतु नव्या लिपीबरोबर जुनी लिपि वाचणारे तयार ठेवावयास हवे होते, ते आम्हीं ठेविले नाहींत. २०२३ सालीं मराठवाड्यांतील कुणबी नोंदी शोधण्याकरितां न्यायमूर्ति शिंदे यांची समिति नेमली गेली आणि निजामकालीन दप्तराचे रुमाल सुटूं लागले, तेव्हां मोडी व उर्दू वाचणारांची शोधाशोध करावी लागली. कागद होते, फॉन्ट गेला होता. ज्यांच्या घरच्या मुलांचें शिक्षण त्या नोंदींशीं निगडित होतें, त्यांस ही केवळ विद्वानांची अडचण वाटली नसेल. मोडीस युनिकोडमध्यें स्थान मिळालें तें २०१४ सालीं. वाचक तयार करण्याचें काम मात्र कोणताहि संकेत करूं शकत नाहीं.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नेहमींचा आधार बंद झाला. विंडोज ११ आमच्या दहा वर्षांच्या यंत्रास स्वीकारीना. म्हणून त्यावर लिनक्स बसवावें असें आम्हीं ठरविलें आणि पुनः कोऱ्या पाटीचा प्रसंग आला. या वेळीं आम्हीं घाई केली नाहीं. सर्व मजकुराच्या दोन प्रती निरनिराळ्या डिस्कांवर घेतल्या. एक घरीं ठेविली, दुसरी मुलीकडे पुण्यास पाठविली. नुसती प्रत घेऊन थांबलों नाहीं. ती दुसऱ्या यंत्रावर उघडून, मधलीं मधलीं पानें वाचून पाहिलीं, कारण न वाचलेली प्रत ही प्रत नव्हे. कोणत्या आज्ञावल्या, कोणते फॉन्ट, कोणते परवान्याचे क्रमांक लागतात याची यादी कागदावर केली. मग कारागिरास म्हटलें, "आतां मारा." दोन तासांनीं यंत्र नव्या सिस्टिमसह उभें राहिलें, जुनीं प्रकरणें उघडलीं, आणि कांहींहि न बसवितां मराठी अक्षरें स्वच्छ दिसलीं. कंपनी निराळी, सिस्टिम निराळी, 'क' तोच.

तेरच्या मातींतून निघालेलीं दोन हजार वर्षांपूर्वींचीं खापरें तेथील संग्रहालयांत पाहतांना, त्याच गांवच्या गोरोबाकाकांची आठवण होते. कुंभाराची कच्ची माती पुनः पुनः मोडून मळतां येते. भाजलेलें मडकें तसें मळतां येत नाहीं, तें जपावें लागतें. यंत्राची सिस्टिम ही कच्ची माती आहे. ती खुशाल मोडावी. परंतु मनुष्यांच्या आठवणी एकदांच भाजल्या जातात. आमच्या नऊ वृद्धांच्या वह्यांतील त्रोटक ओळी आम्हीं आतां जशाच्या तशा उतरवून ठेविल्या आहेत. त्यांत आमच्या तर्कानें एकहि शब्द भरलेला नाहीं. वाचकांच्या घरीं कोणी ऐंशी-नव्वदीचें माणूस असेल, तर त्यांचें बोलणें आजच लिहून घ्यावें, आणि तें डेस्कटॉपवर ठेवूं नये.