तंजावरची कूटपत्रिका

बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्या माणसास गावे पुष्कळ घडतात. परंतु त्यांतले एखादे गाव आपणांस कळले, असे म्हणण्याचे धाडस सहसा होत नाही. निवासस्थान, कचेरी, मुलांची शाळा आणि रेल्वे स्थानक या चार खुंटांना दोरी बांधली की नेमणुकीची मुदत त्या चौकोनातच संपते. प्रसिद्ध स्थळे आपण पाहत नाही असे नव्हे. घरी पाहुणे आले म्हणजे त्यांना घेऊन जातो, वाटाड्या सांगेल ते ऐकतो आणि परततो. पाचव्या पाहुण्याच्या वेळी तर वाटाड्याची गरजही उरत नाही; त्याच्या चार दंतकथा आपणच त्याच्या स्वरात सांगू लागतो.

आम्ही तंजावर असेच तीनदा पाहिले होते. चौथ्यांदा गेलो तो एक खेळ खेळण्यासाठी. त्या दिवशी ते गाव आम्हांस प्रथम दिसले, असे आता वाटते.

खेळ साधा होता. आमच्या चेन्नईतील मराठी मंडळींपैकी एका निवृत्त सहकाऱ्यांची नोकरीची अखेरची वर्षे तंजावरास गेली. त्यांनी एका कागदावर पाच कूटे लिहून दिली. आम्ही चार कुटुंबांतील बारा माणसे, लहानमोठी मिळून, आणि सोबत कचेरीतील एक तमिळ स्नेही. तीन तुकड्या करावयाच्या, वाटाड्या घ्यावयाचा नाही, आणि प्रत्येक कूटाचे उत्तर गावात आपले आपण हुडकावयाचे. कागदाच्या माथ्यावर एकच नियम होता: ‘ऐकीव उत्तर धरले जाणार नाही. काय पाहिले ते लिहावे.’ दिवसभरात आमची जी फजिती झाली ती या एका नियमाने.

पहिले कूट होते: ‘ज्याची सावली भुईवर पडत नाही म्हणतात, त्याची सावली कोठवर पोहोचते ते सांगा.’ बृहदीश्वराच्या विमानाविषयीची ही समजूत कोणास ठाऊक नाही? चोळ सम्राट पहिला राजराज याने इ. स. १०१० मध्ये पूर्ण केलेले हे ग्रॅनाइटचे मंदिर. त्याचे विमान सुमारे २१६ फूट उंच. १९८७ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्याची सावली जमिनीवर पडत नाही, हे आम्ही स्वतः तीन पाहुण्यांस सांगितले होते. सकाळी आठाच्या सुमारास देवळाच्या मागील अंगणात जाऊन उभे राहिलो, तर सावली अंगण ओलांडून पश्चिमेच्या ओवऱ्यांवर चढलेली! ज्या थंडगार पट्ट्यात मुले बसली होती तीच ती सावली. जे डोळ्यांसमोर पसरले होते ते कानांनी झाकून टाकले होते, एवढाच त्याचा अर्थ.

दुसऱ्या कूटाने मात्र सर्वांस थकविले. ‘हजार वर्षांपूर्वीचा एक पत्ता शोधा: रस्ता, रस्त्याची बाजू आणि घराचा क्रमांक.’ आम्ही गल्ल्यांतून हिंडण्याच्या तयारीत होतो. पण आमच्या तमिळ स्नेह्यांनी आम्हांस देवळाच्या भिंतींकडेच परत नेले. या मंदिराची जोती आणि भिंती तमिळ लेखांनी भरलेल्या आहेत. आम्ही दिलेले, आमच्या थोरल्या भगिनीने दिलेले, आमच्या राण्यांनी दिलेले आणि इतरांनी दिलेले सारे दगडावर कोरावे, अशी राजराजाची आज्ञा त्यांत नमूद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हुल्श या पंडिताने हे लेख वाचून प्रसिद्ध केले. त्यांतील एका लांबलचक लेखात देवळाच्या सेवेत असलेल्या चारशे नर्तकींची यादी आहे. प्रत्येकीचे नाव, ती पूर्वी कोणत्या गावच्या कोणत्या देवळात सेवेस होती ते, तंजावरात तिला कोणत्या रस्त्याच्या कोणत्या रांगेतील कितवे घर मिळाले ते, आणि तिचा वार्षिक वाटा: शंभर कलम भात. कोणी मृत्यू पावल्यास अथवा गाव सोडून गेल्यास वाटा व काम जवळच्या नातलगाकडे जावे. तो नातलग त्या कामास योग्य नसेल तर त्याने योग्य माणूस निवडून द्यावा, असा नियमही पुढे आहे.

आमच्यांतील एक गृहस्थ आस्थापना शाखेत बावीस वर्षे काढलेले. ते हे ऐकून काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “अहो, ही तर बदलीची नोंदवही आहे! मूळ ठिकाण, नवे ठिकाण, निवासस्थानाचा क्रमांक, वेतन आणि वारसाची तरतूद. यात सुटले आहे काय?” आम्ही हसलो, परंतु ते हसणे फार वेळ टिकले नाही. तिरुवारूरसारख्या दूरदूरच्या गावांहून त्या स्त्रिया राजाज्ञेने येथे आणल्या गेल्या. येताना त्यांना काय वाटले, मागे कोण राहिले, हे दगड सांगत नाही. तरीही प्रत्येकीचे नाव आणि घर हजार वर्षे जपले गेले आहे. आम्ही ज्या सात गावांत राहिलो त्यांतल्या एकाही घरावर आमची खूण नाही.

तिसरे कूट असे: ‘एकाच शिल्पकाराच्या हातचा एकच राजा गावात दोन ठिकाणी आहे. एकीकडे तो राजा आहे, दुसरीकडे शिष्य. दोन्ही जागा सांगा.’ राजा कोण, हे मराठी माणसास सांगावे लागत नाही. दुसरे सरफोजीराजे, १७९८ ते १८३२ या काळात तंजावरच्या गादीवर असलेले. राजवाड्यातील दरबार दालनात त्यांची उभी संगमरवरी मूर्ती आहे. ती फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराची. दुसरी जागा शोधण्यास मात्र दोन तास लागले. शिवगंगा तलावाच्या परिसरात १७७९ मध्ये बांधलेले एक प्रार्थनामंदिर आहे. त्यात श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याचे स्मारकशिल्प आहे, आणि त्यात श्वार्ट्झ मृत्युशय्येवर असून सरफोजी त्याच्या भेटीस आलेले दाखविले आहेत. गादीच्या वादात लहानग्या सरफोजींचे रक्षण आणि शिक्षण ज्याने पाहिले तो हा गृहस्थ १७९८ च्या फेब्रुवारीत वारला, आणि त्याच वर्षी त्याचा शिष्य गादीवर आला. शिष्याने गुरूसाठी इंग्रजीत पद्यलेख रचला. स्वतःचा धर्म मात्र सोडला नाही. राजाची एक मूर्ती दरबारात पाहून परत फिरणाऱ्यास अर्धाच सरफोजी भेटतो, हे त्या कूटाने शिकविले.

दुपारी देऊळ बंद असते. त्या वेळात जेवताना सांबाराचा विषय निघणे अपरिहार्यच होते. तंजावरच्या भटारखान्यात चिंच घालून केलेल्या आमटीस संभाजीराजांच्या नावावरून सांबार म्हणू लागले, ही कथा एका तुकडीने जादा गुणांसाठी कागदावर लिहूनही दिली. कूटकर्त्यांना दूरध्वनीवर विचारले, तेव्हा उत्तर आले, “कथा गोड आहे. कागद दाखवा.” कागद कोणाजवळच नव्हता. गुण मिळाले नाहीत. सांबार मात्र दोनदा वाढून घेतले.

चौथे कूट मुलांनी सोडविले. ‘पिंपे बांधणाऱ्या कारागिराने तोफ केली तर ती कशी दिसेल?’ गावाच्या पूर्व वेशीजवळ जुन्या तटाच्या उंचवट्यावर एक अजस्र लोखंडी तोफ आहे. लांबी सुमारे साडेसात मीटर, वजन सुमारे २२ टन. एवढे लोखंड वितळवून ओतणे त्या काळच्या भट्ट्यांस शक्य नव्हते. म्हणून लांब पट्ट्या जुळवून त्यांवर तापविलेल्या कड्या एकामागून एक चढविल्या आणि ठोकून सांधल्या. पिंपाची घडण ती हीच. ही तोफ नायकांच्या काळची, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातली.

येथे आम्हांस थोडी लाज वाटली. आमच्या मनातील तंजावरात चोळांनंतर एकदम भोसलेच येत होते. मधल्या सुमारे दीडशे वर्षांच्या नायकांना तेथे जागाच नव्हती. परंतु आपण ज्याला मराठ्यांचा राजवाडा म्हणतो त्याचा आरंभ नायकांचा. बृहदीश्वरापुढील प्रचंड नंदी नायकांच्या काळचा. तेलुगू काव्य-संगीताची परंपरा त्यांच्या दरबारातून भोसल्यांच्या दरबारात आली. १६७३ मध्ये मदुरेच्या नायकाने तंजावर जिंकले. तंजावरकरांच्या वारसास गादी परत मिळवून देण्यासाठी विजापूर दरबाराने व्यंकोजीराजांस धाडले, आणि १६७६ च्या सुमारास ते स्वतःच गादीवर बसले. शिवछत्रपतींच्या या सावत्र बंधूंचे दक्षिणेतील राज्य आपण अभिमानाने सांगतो. त्याचा हा आरंभही सांगितला पाहिजे.

आणि अभिमानाला जागा नाही असेही नाही. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी १६८४ ते १७१२ या आपल्या कारकिर्दीत मराठी नाटके लिहिली, तीही सांगलीस विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये नाटक उभे केले त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी. त्यांच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी या पाच भाषा एकत्र नांदतात. ज्यांच्या घरी कचेरीची एक भाषा, शाळेची दुसरी, शेजाराची तिसरी आणि स्वयंपाकघराची चौथी असते, त्या आमच्यासारख्यांना हे नाटक परके वाटू नये. सरस्वती महाल ग्रंथालयात या साऱ्या भाषांची हस्तलिखिते शेजारी शेजारी राहतात. राजवाड्याच्या दप्तरातील मोडी कागदांचे तमिळ भाषांतर तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने १९८९ मध्ये खंडशः प्रसिद्ध केले. मोडी न येणाऱ्या आजच्या मराठी माणसास आपल्याच लोकांचा तो कारभार वाचावयाचा तर तमिळ शिकणे अधिक सोयीचे पडेल. हे विद्यापीठाचे भूषण आहे. आमचे काय ते वाचकांनीच ठरवावे.

पाचव्या कूटासाठी चार वाजल्यानंतर पुन्हा देवळात गेलो. ‘आपल्या भाषेत दगडावर लिहिलेले सर्वांत लांब पत्र वाचा. ते लिहविले तेव्हा लिहविणाऱ्याजवळ काय उरले होते?’ प्राकाराच्या नैऋत्य बाजूच्या भिंतींवर भोसले वंशाचा इतिहास सांगणारा विस्तीर्ण मराठी शिलालेख आहे. शके १७२५, म्हणजे इ. स. १८०३ मध्ये, सरफोजींच्या आज्ञेने त्यांचे चिटणीस बाबूराव यांनी तो सिद्ध केला. अशा चढत्या उन्हाळ्यासारख्या वैभवाच्या लेखापुढे उत्तर लिहावयाचे होते ते असे: १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रज कंपनीकडे गेला होता. राजाकडे उरला होता किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. राज्य गेल्यावर चार वर्षांनी राज्याचा इतिहास कोरला गेला. त्यानंतर अर्धशतकाने, १८५५ मध्ये, पुत्रसंतान न ठेवता दुसरे शिवाजीराजे निवर्तले आणि ती गादीही खालसा झाली.

लेख वाचण्याचा प्रसंग आम्ही विसरणार नाही. जुन्या वळणाची बारीक बाळबोध अक्षरे, उतरता प्रकाश. आम्हां वडीलधाऱ्यांस चष्मा असूनही ओळी सापडेनात. तेव्हा चौदा वर्षांची एक मुलगी पुढे झाली. तिचे बालपण गुवाहाटी, रायपूर आणि चेन्नई येथे गेलेले. देवनागरी ती हिंदीमुळे शिकली. मराठी तिला घरात बोलण्यापुरतीच. ती एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचू लागली, आणि वाचलेल्याचा अर्थ मात्र तिला लागेना. अर्थ आम्ही सांगू लागलो. अक्षरे तिची, अर्थ आमचा, अशा रीतीने आठ-दहा ओळी पार पडल्या. एकट्या तिला तो लेख वाचता आला नसता, आणि एकट्या आम्हांसही नाही. आणखी वीस वर्षांनी अर्थ सांगणारे नसतील, हे त्या वेळी तेथे कोणी बोलले नाही. पण सर्वांच्या मनात तेच होते.

खेळ कोणी जिंकला, हे परतीच्या गाडीत कोणासही आठवेना. एक गोष्ट मात्र ठरली. बदली होऊन जाताना आपण कचेरीचा कार्यभार यादीनिशी सोपवितो. किल्ल्यांची संख्यादेखील मोजून देतो. त्याबरोबर त्या गावाची एक कूटपत्रिका मागून येणाऱ्यासाठी ठेवावयास काय हरकत आहे? पाच कूटे पुरेत. एक दंतकथा तपासावयास लावणारे, एक सामान्य माणसाचा माग काढावयास लावणारे, एक दोन जागा जोडणारे, एक कारागिरीचे आणि एक आपल्या भाषेचे. बऱ्हाणपूर असो, ग्वाल्हेर असो की काशी, गाव जुने असेल तर कूटांस तोटा पडणार नाही. ती करावयास वर्ष लागेल. पण तेवढ्या काळात ते गाव करणाऱ्याचेच झालेले असेल.

आमच्या सध्याच्या नेमणुकीचे अकरा महिने उरले आहेत. मेजाच्या खणात एक कोरा कागद ठेवला आहे. त्यावर दोन कूटे लिहून झाली आहेत.