सुपर कप: भारतीय फुटबॉलचा आशियाकडे जाणारा रस्ता

२२ ऑक्टोबर २०२५ रोजी सौदी अरेबियाचा अल-नस्र क्लब गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर खेळला. रोनाल्डो आला नाही म्हणून पुष्कळ पोरं हिरमुसली. पण एवढा मोठा क्लब गोव्यात आला कसा? कारण एफसी गोवाने त्याआधी सुपर कप जिंकला होता. या कपाबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. म्हणून त्याचा इतिहास आम्ही थोडक्यात देत आहोत.

फेडरेशन कपापासून सुरुवात

देशभरातल्या क्लबांसाठी फेडरेशन कप १९७७ मध्ये सुरू झाला. पहिला मान बंगळुरूच्या आयटीआय टीमने मोहन बागानला हरवून मिळवला. कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगने १९८३ आणि १९८४ असा लागोपाठ दोनदा हा कप जिंकला. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनेही २००३ आणि २००५ मध्ये तो आणला. पुढे हा क्लबच बंद झाला. २०१७ मध्ये बंगळुरू एफसीने शेवटचा फेडरेशन कप जिंकला आणि त्याची जागा सुपर कपाने घेतली.

सुपर कप हे नाव मात्र त्याआधीही होतं. १९९७ ते २०११ या काळात लीग विजेता आणि फेडरेशन कप विजेता यांच्यातल्या सामन्याला सुपर कप म्हणत. आताचा सुपर कप तसा नाही. त्यात अनेक टीम उतरतात.

आतापर्यंतचे विजेते

२०१८, भुवनेश्वर: बंगळुरू एफसी (ईस्ट बंगालवर ४-१)
२०१९, भुवनेश्वर: एफसी गोवा (चेन्नईयिनवर २-१)
२०२३, कोझिकोड: ओडिशा एफसी (बंगळुरूवर २-१)
२०२४, भुवनेश्वर: ईस्ट बंगाल (ओडिशावर ३-२, जादा वेळेत)
मे २०२५, भुवनेश्वर: एफसी गोवा (जमशेदपूरवर ३-०)
डिसेंबर २०२५, फातोर्डा: एफसी गोवा (ईस्ट बंगालवर पेनल्टीत ६-५)

२०१९ मध्ये आय-लीगच्या बऱ्याच क्लबांनी स्पर्धेतून अंग काढून घेतलं. आपल्या लीगचं भवितव्य काय, हा त्यांचा सवाल होता. त्यानंतर कोरोना आला आणि २०२३ पर्यंत कप झालाच नाही. २०२३ मध्ये ओडिशाला विजेतेपद मिळवून देणारे कोच क्लिफर्ड मिरांडा गोव्याचेच. ईस्ट बंगालने २०२४ चा कप घेतला, तेव्हा त्यांचा राष्ट्रीय स्पर्धेतला १२ वर्षांचा दुष्काळ संपला. मुंबई सिटी २०२४ पासून तिन्ही वेळा उपांत्य फेरीपर्यंत पोहोचली. फायनल मात्र एकदाही गाठता आली नाही.

हा कप का महत्त्वाचा?

लीग जिंकायला महिनोन्‌महिने सातत्य लागतं आणि तगडा पैसाही लागतो. सुपर कपात मोजक्याच मॅच असतात. दोन-तीन आठवडे जीव तोडून खेळलं तरी बाजी मारता येते. लहान क्लबलाही मोठ्यांसमोर उभं राहायची संधी मिळते. २०२५ च्या शेवटच्या स्पर्धेत आय-लीगमधल्या गोव्याच्या डेम्पोने ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोघांनाही बरोबरीत रोखलं.

दुसरी गोष्ट आशियाची. ओडिशा सुपर कप जिंकूनच एएफसी कपाच्या वाटेला लागला. एफसी गोवाने ऑगस्ट २०२५ मध्ये ओमानच्या अल-सीबला २-१ ने हरवून एएफसी चॅम्पियन्स लीग टू मध्ये प्रवेश केला. फातोर्ड्यात अल-नस्र २-१ ने जिंकला खरा, पण गोव्याचा एकमेव गोल ब्रायसन फर्नांडिस या इथल्याच पोराने मारला. गोव्याला गटातून पुढे जाता आलं नाही. तरी अशा टीमसमोर खेळल्याशिवाय आपले खेळाडू तयार कसे होणार?

अडचण एकच आहे. या कपाला पक्की तारीख नाही. कधी एप्रिल, कधी जानेवारी, कधी ऑक्टोबर, तर काही वर्षं अजिबात नाही. २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचाच करार लटकला आणि हंगाम या कपानेच सुरू करावा लागला. वेळापत्रकच ठरलेलं नसेल तर मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलाने आणि त्याच्या आई-वडिलांनी कशाच्या भरवशावर पुढचं ठरवायचं? फुटबॉल महासंघाने आधी सुपर कपाची तारीख कायमची ठरवावी, असं आम्हाला वाटतं.