रुपया आणि पौंड : हुंडणावळीच्या दराचे एक शतक

१८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखातील नाना तऱ्हेची नाणी मोडीत काढून १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा वजनाचा आणि १६५ ग्रेन शुद्ध चांदीचा एकच रुपया कायद्याने ठरवला, तेव्हा इंग्लंडचा पौंड सोन्यावर बांधलेला होता. त्यामुळे या दोन नाण्यांतील हुंडणावळीचा दर, म्हणजे एका देशाचे चलन देऊन दुसऱ्याचे मिळवण्याचा भाव, मुळात सोने आणि चांदी यांच्यातील भावावर अवलंबून राहिला. हा दर एका रुपयास किती पेन्स, या पद्धतीने सांगत. बारा पेन्सांचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड असल्याने रुपयाला २ शिलिंग मिळाले की दहा रुपयांत एक पौंड बसे. १८७० पर्यंत दर याच्या इतका जवळपास राहिला होता की सरकारी हिशेबांत दहा रुपये म्हणजे एक पौंड हे समीकरण गृहीतच धरले जाई.

ते समीकरण १८७३ नंतर ढासळले. जर्मनीने सुवर्णचलन स्वीकारून आपली चांदी विकायला काढली, फ्रान्स आणि त्याच्या सोबतच्या देशांनी चांदीची नाणी पाडणे आधी मर्यादित केले आणि मग थांबवले, आणि त्याच सुमारास अमेरिकेतील खाणींतून चांदीचा पूर लोटला. हिंदुस्थानच्या टांकसाळी मात्र खुल्या होत्या, म्हणजे कोणीही चांदी नेऊन दिली की घडणावळ कापून तिचे रुपये पाडून मिळत. साहजिकच जगात उतरलेली चांदी मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींकडे वळली आणि रुपयाची किंमत चांदीबरोबर खाली आली.

या घसरणीचा खरा भार ‘होम चार्जेस’मुळे जाणवला. कर्जावरील व्याज, रेल्वे कंपन्यांना दिलेली हमी, निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शने, लष्कराचा आणि भारतमंत्र्यांच्या कचेरीचा खर्च, हे सारे लंडनमध्ये पौंडांत द्यावे लागे, पण त्यासाठीचा महसूल इथे रुपयांत गोळा होई. भारतमंत्री लंडनमध्ये दर आठवड्याला ‘कौन्सिल बिले’ या नावाच्या हुंड्या विकत. व्यापारी पौंड भरून त्या घेत आणि मुंबई, कलकत्ता किंवा मद्रास येथील सरकारी तिजोरीतून त्यांचे रुपये उचलत. १८७३-७४ मध्ये दर १ शिलिंग १० पेन्सांहून थोडा अधिक होता, तर १८९२-९३ मध्ये तो जेमतेम १ शिलिंग ३ पेन्सांवर आला. त्या वर्षी लंडनला पाठवलेल्या सुमारे १ कोटी ६५ लाख पौंडांसाठी २६ कोटी ४७ लाख रुपये मोजावे लागले. जुन्या दराने तेच काम पावणेअठरा कोटींत झाले असते. फरकाचे पावणेनऊ कोटी अखेर रयतेच्या करांतूनच यायचे होते.

लॉर्ड हर्शेल यांच्या समितीच्या शिफारशीवरून २६ जून १८९३ रोजी टांकसाळी खासगी चांदीला बंद झाल्या. रुपयांचा पुरवठा आवळून त्यांची किंमत आतील चांदीपेक्षा वर चढवायची, असा हा उपाय होता. तो फळाला यायला पाच वर्षे लागली. १८९८ मध्ये दर १ शिलिंग ४ पेन्सांवर पोहोचला आणि पुढच्या वर्षीच्या कायद्याने सॉव्हरिन हे सोन्याचे इंग्रजी नाणे पंधरा रुपयांच्या भावाने देशात ग्राह्य ठरले.

सरकारी अंदाजपत्रकाच्या दृष्टीने हा विजय होता, पण त्याची किंमत कोणी दिली हे पाहिल्याशिवाय त्याचे मोल ठरवता येत नाही. शेतकऱ्याची बचत बहुधा चांदीच्या दागिन्यांत असे. टांकसाळी खुल्या असताना तोळाभर रुपेरी वाळ्याचा जवळजवळ एक रुपया होई. १८९८ च्या भावाने त्याचे सुमारे दहा आणे येऊ लागले, आणि हा काळ नेमका १८९६ आणि १८९९ च्या मोठ्या दुष्काळांचा होता. त्याच १८९३ साली युरोपीय अधिकाऱ्यांना मात्र अर्ध्या पगारावर, ठराविक मर्यादेपर्यंत, १ शिलिंग ६ पेन्सांचा खास दर देणारा भत्ता मंजूर झाला. मुंबईच्या गिरण्यांनाही फटका बसला, कारण त्यांचे सूत चीनला जाई आणि चीन चांदीवरच राहिला होता. टांकसाळी बंद करणे म्हणजे न सांगता करवाढ करणे होय, ही दादाभाई नौरोजींची टीका म्हणूनच आजही योग्य वाटते.

यातून जी व्यवस्था उभी राहिली, तिला सुवर्ण-विनिमय पद्धती म्हणतात: देशात चांदीचा रुपया व नोटा, आणि परदेशी देण्यासाठी ठरावीक दराने सोन्याशी बांधलेली हुंडी. केन्सने १९१३ मध्ये तिची प्रशंसा केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये लंडनहून प्रसिद्ध केलेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या प्रबंधात तिचे मर्मस्थान दाखवले. रुपये पाडण्याचा अधिकार सरकारच्या मर्जीवर मोकळा राहिला तर रुपयाचे मोल टिकणार नाही, म्हणून त्या अधिकारालाच मर्यादा हवी, हा त्यांचा युक्तिवाद होता.

त्याच्या थोडे आधी, महायुद्धात चांदी महागल्याने रुपया वर चढला होता आणि बॅबिंग्टन स्मिथ समितीने सोन्याचे २ शिलिंग हा दर सुचवला होता. समितीतील एकमेव हिंदी सदस्य, मुंबईचे दादिबा मेरवानजी दलाल यांनी १ शिलिंग ४ पेन्स कायम ठेवण्याचा भिन्नमत अहवाल दिला, पण तो डावलला गेला. १९२० मध्ये हा दर टिकवण्यासाठी सरकारने लंडनवरच्या उलट हुंड्या विकून साडेपाच कोटी पौंड खर्ची घातले. फेब्रुवारीत त्या हुंड्यांचा दर २ शिलिंग १० पेन्सांच्याही वर होता. सप्टेंबरात विक्री थांबवावी लागली आणि पुढील वर्षाच्या आरंभी बाजारभाव १ शिलिंग ३ पेन्सांच्या आसपास उतरला. चढ्या दराच्या भरवशावर विलायती कापडाची मागणी नोंदवून बसलेले आयातदार त्यात अक्षरशः बुडाले.

१९२६ मध्ये हिल्टन यंग आयोगाने १ शिलिंग ६ पेन्स हा दर सुचवला, तेव्हा सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी १ शिलिंग ४ पेन्सांच्या बाजूने वेगळे मत नोंदवले. दोन पेन्सांचा हा वाद क्षुल्लक नव्हता. परदेशात एक पौंड किमतीचा कापूस विकला गेला तर जुन्या दराने पंधरा रुपये येत, नव्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पै. पण वऱ्हाड-खानदेशातील शेतकऱ्याचा सारा आणि सावकाराचे देणे रुपयांतच ठरलेले असल्याने त्यात एक पैही कमी होत नव्हती. किमती आणि मजुरी नव्या दराशी जुळल्या आहेत, असे आयोगाच्या बहुमताचे म्हणणे होते. मंदीच्या वर्षांत शेतमालाचे भाव कोसळले तेव्हा या दराने कर्जदार कुणब्याचा बोजा वाढवला, हे मात्र नाकारता येणार नाही.

१९२७ च्या कायद्याने आलेला हा दर अनपेक्षितपणे दीर्घायुषी ठरला. २१ सप्टेंबर १९३१ रोजी इंग्लंडने सोने सोडले, तरी रुपया त्याच दराने पौंडाशी बांधलेला राहिला. १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले, तेव्हा स्वतंत्र भारताने रुपयाही त्याच प्रमाणात उतरवला. पाकिस्तानने तसे न केल्याने त्याचे शंभर रुपये भारताच्या १४४ रुपयांबरोबर झाले. ६ जून १९६६ च्या अवमूल्यनाने पौंड २१ रुपयांना गेला. नोव्हेंबर १९६७ मध्ये ब्रिटनने पौंड उतरवला, तेव्हा भारताने रुपयाला हात लावला नाही आणि पौंड १८ रुपयांवर आला.