द्रवचालित पॉवर स्टिअरिंग : गळती, आवाज व दुरुस्ती

द्रवचालित पॉवर स्टिअरिंग (हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग) ही मोटारीचे सुकाणू फिरविण्यासाठी चालकाच्या बळाला तेलाच्या दाबाची जोड देणारी यंत्रणा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील बहुतेक आलिशान मोटारींमध्ये ती बसविलेली असे. वय वाढलेल्या मोटारीत या यंत्रणेचे दोन दोष प्रामुख्याने आढळतात : तेलाची गळती आणि सुकाणू फिरविताना येणारा आवाज. हे दोन्ही दोष पुष्कळदा एकाच कारणातून उद्भवतात. गळतीमुळे तेल कमी होते, कमी झालेल्या तेलात हवा मिसळते आणि हवा मिसळली की पंप आवाज करू लागतो. त्यामुळे केवळ आवाज ऐकून पंप बदलणे हा अनेकदा अनावश्यक खर्च ठरतो.

इतिहास

अमेरिकन अभियंता फ्रान्सिस डब्ल्यू. डेव्हिस याने १९२६ मध्ये मोटारीसाठी उपयुक्त ठरेल अशी द्रवचालित सुकाणू यंत्रणा तयार केली. खर्चाच्या कारणाने मोटार कंपन्यांनी ती लगेच स्वीकारली नाही. दुसऱ्या महायुद्धात जड लष्करी वाहनांसाठी तिचा वापर झाला. प्रवासी मोटारीत ती सर्वप्रथम विक्रीस आली ती १९५१ मध्ये, क्रायस्लर कंपनीच्या इम्पीरियल या गाडीत. त्यानंतर मोठ्या व महागड्या गाड्यांमध्ये ती रूढ झाली. १९८८ मध्ये जपानमध्ये सुझुकी कंपनीच्या सर्व्हो या लहान गाडीत विद्युतचालित पॉवर स्टिअरिंग आले. ही नवी यंत्रणा केवळ गरजेपुरती वीज घेते, तर द्रवचालित पंप इंजिन सुरू असेपर्यंत सतत फिरत राहून इंधन खर्च करतो. या कारणाने नव्या मोटारींतून द्रवचालित प्रकार मागे पडला.

महाराष्ट्राच्या दृष्टीने मर्सिडीज-बेंझ कंपनीच्या ई-क्लास डब्ल्यू १२४ या मोटारीचे उदाहरण महत्त्वाचे आहे. मर्सिडीज-बेंझ इंडियाची स्थापना १९९४ मध्ये झाली आणि १९९५ पासून पिंपरी येथील टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) आवारात या गाडीची जुळणी होऊ लागली. पुढे २००९ मध्ये कंपनीचे उत्पादन चाकण येथे हलविण्यात आले. पिंपरीत जुळणी झालेल्या त्या काळातील गाड्यांचे वय आता पंचवीस वर्षांहून अधिक आहे. रबरी भाग झिजून गळती व आवाज सुरू होण्याचा हाच काळ होय.

रचना व कार्य

या यंत्रणेचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे आहेत :

• तेलाची टाकी : पंपावरच किंवा त्याच्या जवळ बसविलेली असते. अनेक गाड्यांत टाकीच्या तळाशी गाळणी असते.
• पंप : बहुधा पात्यांचा (वेन प्रकारचा) असून इंजिनाच्या बेल्टवर फिरतो. तेलाचा प्रवाह व कमाल दाब मर्यादित ठेवणारे झडप-भाग त्यातच असतात.
• नळ्या : टाकीकडून पंपाकडे येणारी शोषण नळी, पंपाकडून सुकाणू पेटीकडे जाणारी उच्च दाबाची नळी आणि तेल टाकीत परत आणणारी नळी.
• झडप : स्टिअरिंगच्या दांड्यावर असते. चालकाने चाक फिरविताच आतील लवचिक दांडा किंचित पिळला जातो, झडप उघडते आणि तेल योग्य बाजूला जाते.
• सुकाणू पेटी किंवा रॅक : जुन्या मोठ्या गाड्यांत गोळ्यांच्या साहाय्याने फिरणारी पेटी (रीसर्क्युलेटिंग बॉल प्रकार) असते, डब्ल्यू १२४ मध्ये हाच प्रकार आहे. तिच्यानंतर आलेल्या डब्ल्यू २१० या ई-क्लासमध्ये रॅक आणि पिनियन हा प्रकार वापरण्यात आला.

गाडी सरळ चालत असताना तेलाचा दाब अल्प असतो. चाक एका बाजूला पूर्ण वळविले असता दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे शंभरपट होऊ शकतो. चाक तसेच टोकाला धरून ठेवल्यास तेल वेगाने तापते. म्हणून पाच सेकंदांहून अधिक काळ तसे धरू नये.

तेलाचा दाब नाहीसा झाला तरी चाक आणि सुकाणू यांचा यांत्रिक जोड कायम राहतो. गाडी वळते, परंतु चाक अत्यंत जड होते. मंद गतीच्या वळणावर हा फरक सर्वाधिक जाणवतो.

गळतीची ठिकाणे

उच्च दाबाची नळी. नळीचे रबर व धातूचे टोक जेथे दाबून जोडलेले असते, तेथे प्रथम ओलसरपणा दिसतो. पोकळ बोल्टच्या जोडावर दोन्ही बाजूंस तांब्याचे वॉशर असतात. एकदा दबलेले वॉशर पुन्हा वापरल्यास जोड पाझरतो. म्हणून जोड उघडला की वॉशर नवेच घालावेत.

पंपाचे सील. पुलीमागील दांड्याचे सील झिजल्यास तेल बेल्टवर उडते. टाकी व पंप यांमधील ओ-रिंग कडक झाल्यास पंपाच्या अंगावरून तेल ओघळते आणि हा दोष चुकून नळीचा समजला जातो.

सुकाणू पेटी. पेटीतून खाली निघणाऱ्या, पिटमन आर्म जोडलेल्या दांड्याचे सील सर्वांत अधिक झिजते. दांड्यावर गंज किंवा चर पडले असतील, तर नवे सीलही थोड्याच दिवसांत गळू लागते.

रॅक. रॅकच्या टोकांची सील आत झाकलेली असतात व त्यांवर रबरी भाता असतो. गळती बराच काळ भात्यातच साठून राहते. भाता हाताने दाबल्यावर तेल हलत असल्याचे जाणवल्यास रॅकचे सील गेले असे समजावे. काळ्या मातीच्या पावसाळी रस्त्यांवर फाटलेल्या भात्यातून चिखल आत जाऊन रॅकचा दांडा खरवडला जातो.

शोषण व परतीच्या नळ्या. यांच्यात दाब कमी असल्याने साध्या पट्ट्याचे (क्लॅम्पचे) जोड असतात. शोषण नळीचा दोष फसवा असतो. इंजिन सुरू असताना तेथे आतील दाब कमी असल्याने तेल बाहेर येत नाही, उलट हवा आत ओढली जाते. जमिनीवर थेंबही न पडता पंप आवाज करू लागतो.

गळतीचा शोध

सर्वप्रथम पडलेले तेल कोणते हे ठरवावे. रात्रभर गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवल्यास थेंबाचा रंग व जागा दोन्ही कळतात. पॉवर स्टिअरिंगमधील तेल अनेक गाड्यांत लाल, काहींत हिरवे किंवा मधासारखे पिवळसर असते. जुने झाल्यावर ते तपकिरी होते. इंजिन ऑइल काळसर असते, तर शीतक (कूलंट) पाण्यासारखे पातळ असते.

त्यानंतर पंप, नळ्या व पेटी डिझेल किंवा योग्य द्रावकाने धुऊन पूर्ण कोरडी करावीत. इंजिन सुरू करून एकाने चाक दोन्ही बाजूंना फिरवावे व दुसऱ्याने विजेरीच्या प्रकाशात निरीक्षण करावे. तेल वाऱ्याने मागे व गुरुत्वाने खाली जाते, म्हणून ओल्या भागांपैकी सर्वांत वरचा व पुढचा भाग हाच बहुधा गळतीचा उगम असतो. सूक्ष्म गळतीसाठी तेलात चमकणारा रंग मिसळून अतिनील दिव्याखाली पाहण्याची पद्धतही आहे.

इंजिन सुरू असताना गळतीची जागा बोटाने चाचपू नये. उच्च दाबाच्या नळीला पडलेल्या बारीक छिद्रातून तेलाची धार त्वचेत शिरू शकते. ही जखम बाहेरून क्षुल्लक दिसते, तथापि ती गंभीर असते आणि तातडीने शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावी लागते.

आवाजाचे प्रकार

• घुमणारा किंवा कण्हल्यासारखा आवाज, इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारा : तेल कमी, तेलात हवा, तुंबलेली गाळणी किंवा शोषण नळीतून हवा शिरणे. तेलात फेस असेल किंवा ते दुधाळ दिसत असेल तर हवेचे कारण निश्चित समजावे. हे सर्व ठीक असेल तरच पंपाच्या झिजेकडे वळावे.
• चाक वळविताच किंकाळीसारखा तीव्र आवाज : बेल्ट सैल, गुळगुळीत झालेला किंवा तेलाने भिजलेला.
• चाक टोकाला नेल्यावर सिसकारा : झडपेतून दाब सुटण्याचा हा आवाज मर्यादित असल्यास स्वाभाविक आहे.
• खडबडीत रस्त्यावर खडखड : तेलाशी संबंध नसून बॉल जॉइंट, टाय रॉड किंवा पेटीचे बोल्ट सैल असण्याची शक्यता अधिक.
• सकाळी पहिल्या मिनिटातच आवाज : घट्ट झालेले जुने तेल किंवा तुंबलेली गाळणी.

दुरुस्ती

दुरुस्तीचा क्रम स्वस्त व सोप्या कारणांकडून महाग कारणांकडे असावा. तेलाची पातळी, तेलाची प्रत, बेल्ट, पट्टे व शोषण नळी, गाळणी, ओ-रिंग, उच्च दाबाची नळी, पंप आणि शेवटी पेटी किंवा रॅक असा हा क्रम होय.

तेलाची निवड. टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच तेल वापरावे. काही गाड्यांना स्वयंचलित गिअरचे तेल (एटीएफ) चालते, काहींना कृत्रिम हायड्रॉलिक तेल लागते. ही तेले परस्परांत मिसळू नयेत. ब्रेक ऑइल कदापि घालू नये. ते ग्लायकॉलवर आधारित असते व या यंत्रणेतील नायट्रिल रबराची सील त्याने फुगून निकामी होतात. गळती थांबविणारी म्हणून विकली जाणारी द्रव्ये कडक झालेले रबर काही काळ फुगवितात. झिजलेला दांडा किंवा फाटलेले सील त्याने दुरुस्त होत नाही.

नळी. गळणारी उच्च दाबाची नळी कापून मध्ये साध्या पट्ट्याचा जोड देणे धोकादायक आहे, कारण तो जोड हा दाब सोसू शकत नाही. मूळ नळी मिळत नसल्यास जुनी धातूची टोके ठेवून, योग्य दाबक्षमतेची हायड्रॉलिक नळी यंत्राने दाबून बसवून घेता येते. ट्रॅक्टर व जेसीबी यांच्या नळ्या तयार करणाऱ्या दुकानांत हे काम होऊ शकते. नळी तापमान व तेल सोसणारी आहे याची खात्री करून घ्यावी.

पंप व पेटी. दोन्हींसाठी सीलचे संच मिळतात. सील बसविण्यापूर्वी दांडा नखाने तपासावा. नख अडकत असेल तर तो भाग बदलावा लागतो. पेटीवरील जुळणीचा स्क्रू आवळून चाकातील ढिलाई काढण्याचा मोह टाळावा. तो अधिक आवळल्यास वळणानंतर चाक आपोआप सरळ होत नाही.

हवा काढणे. दुरुस्तीनंतर गाडीची पुढची चाके उचलून भक्कम घोड्यांवर टेकवावीत. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा ते वीस वेळा सावकाश फिरवावे व टाकीत तेल भरत राहावे. बुडबुडे थांबल्यावर इंजिन सुरू करून हीच क्रिया काही वेळा करावी. फेस दिसल्यास इंजिन बंद करून अर्धा तास थांबावे. तेल तापल्यावर प्रसरण पावते, म्हणून टाकी काठोकाठ भरू नये.

सुरक्षितता

तापलेल्या एक्झॉस्टवर पडलेले तेल पेट घेऊ शकते. त्यामुळे एक्झॉस्टच्या दिशेने होणारी गळती तातडीने दुरुस्त करावी. पुष्कळ गाड्यांत एकच बेल्ट पंपाबरोबर पाण्याचा पंप व अल्टरनेटरही फिरवितो. पॉवर स्टिअरिंगचा पंप जाम होऊन बेल्ट तुटल्यास इंजिन तापते व बॅटरीचे प्रभारण थांबते. तेल संपलेल्या अवस्थेत गाडी चालविल्यास कोरडा फिरणारा पंप लवकर निकामी होतो आणि किरकोळ नळीचा खर्च पंपाच्या खर्चावर जातो.

बुलढाणा जिल्ह्यातील परिस्थिती

बुलढाणा शहर घाटमाथ्यावर आहे, तर मलकापूर, नांदुरा, खामगाव हा भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यात येतो व तेथे उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा उष्णतेत इंजिनाजवळील रबरी नळ्या व सील लवकर कडक होतात. बुलढाण्याहून मोताळा-मलकापूरकडे जाताना राजूर घाट आणि खामगावकडे जाताना ज्ञानगंगा अभयारण्यातील बोथा घाट लागतो. लागोपाठच्या वळणांवर मंद गतीने चाक वारंवार फिरवावे लागत असल्याने यंत्रणेवर ताण येतो आणि मदत अचानक बंद पडल्यास येथेच धोका अधिक असतो. घाटात उतरण्यापूर्वी तेलाची पातळी पाहणे म्हणूनच उपयुक्त ठरते. याउलट मेहकर व सिंदखेडराजा परिसरातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर वळणे सौम्य असल्याने दोष लपून राहतो व महामार्ग सोडल्यावरच जाणवतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते व त्यानंतर तिचे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. जिल्ह्याचा नोंदणी-संकेतांक एमएच-२८ आहे. नूतनीकरणासाठी गाडी रस्त्यावर चालविण्यायोग्य असणे आवश्यक असल्याने सुकाणूतील दोष त्यापूर्वी दूर करणे इष्ट ठरते.

वापरलेल्या तेलाची विल्हेवाट

काढलेले तेल नालीत, विहिरीजवळ किंवा शेताच्या बांधावर ओतू नये. वापरलेले तेल घातक व इतर अपशिष्टे (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, २०१६ यांच्या कक्षेत येते. ते बंद डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे पोहोचविणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

हे सुद्धा पहा

• सुकाणू
• विद्युतचालित पॉवर स्टिअरिंग
• द्रवयांत्रिकी
• बुलढाणा जिल्हा