वृक्षांची उत्तर सीमा

सायबेरियांतील याकुत्स्क येथें शेर्गिन नांवाच्या व्यापाऱ्यानें १८२८ सालीं विहीर खणावयास आरंभ केला. १८३७ पर्यंत ती सुमारें ११६ मीटर खोल गेली. परंतु पाणी लागलें नाहीं, तळापर्यंत माती गोठलेलीच निघाली. १८४४ सालीं मिडेनडॉर्फ या शास्त्रज्ञानें त्या विहिरींत निरनिराळ्या खोलीवर भूमीचें उष्णतामान मोजलें. आदल्याच वर्षीं त्यानें तैमीर प्रदेशांत अरण्य विरळ होत टुंड्रा सुरू होतांना पाहिला होता.

टुंड्रांत वृक्ष कां नाहींत? गोठलेली भूमि हें एकच कारण असतें, तर याकुत्स्कभोवतीं लार्चचीं अरण्यें उभीं राहतींना. व्हर्खोयान्स्क येथें १८९२ सालीं उष्णतामान शून्याखालीं सुमारें ६८ अंश सेंटिग्रेड उतरलें. तेथेंहि वृक्ष आहेत. त्यांचें भवितव्य उन्हाळ्यावर ठरतें. सर्वांत उबदार महिन्याची सरासरी १० अंशांखालीं राहिली, कीं नवें लाकूड व बीं तयार होण्यास अवधि पुरत नाहीं. भूमीचा वरचा थर तेवढा वितळतो, पाणी खालीं मुरत नाहीं, आणि दलदलींत शेवाळ, दगडफूल व खुरटीं झुडपें तेवढीं तग धरतात.

ही सीमा स्थिर नाहीं. सुमारें ९,००० ते ७,००० वर्षांपूर्वीं उन्हाळे अधिक उबदार असतांना अरण्य उत्तर समुद्राच्या किनाऱ्याजवळ पोंचलें होतें; पुढें थंडी वाढली व तें मागें हटलें. आज पृथ्वी पुन्हां तापत आहे. गोठलेल्या मातींत सहस्रावधि वर्षें सांचलेले वनस्पतींचे अवशेष वितळून कुजूं लागले आहेत, आणि त्यांतून निघणारे वायु उष्णतेंत भर घालीत आहेत. शेर्गिनला पाणी न देणारी ती माती गोठलेलीच राहावी, यांत आतां सर्वांचें हित आहे.